विहिरीवरचा हिरवा पट्टा

रंगाचा डबा उघडला की तो ब्रश बुडवून वर धरायचा आणि जवळ जो कुणी उभा असेल त्याला विचारायचा, "कशासारखा दिसून राहिलाय?"

समोर चहावाला असो, टपालवाला असो, नाहीतर भाजी घेऊन चाललेली एखादी बाई असो, उत्तर आल्याशिवाय ब्रश भिंतीला लागायचा नाही. कुणी म्हणायचं मिरचीसारखा, कुणी म्हणायचं विटेसारखा. मग तो मान डोलवून "बराबर" म्हणायचा आणि कामाला लागायचा. आम्हाला वाटायचं, ही त्याची लकब. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, दोन शब्द बोलल्याशिवाय ज्याचा हात चालत नाही. आम्ही त्याला त्यातलाच एक समजत होतो.

मी तेव्हा लोह्याहून बदली होऊन नव्यानंच झालेल्या लातूर जिल्ह्यात आलो होतो. नांदेडच्या शिवेलगतच्या एका तालुक्याच्या कार्यालयात कारकून म्हणून रुजू झालो. नवा जिल्हा म्हणजे खुर्च्या तीन आणि माणसं सात. कपाटं यायची होती, शिक्के यायचे होते, पण एक काम मात्र पहिल्या दिवसापासून निघालं. शाळा, चावडी, दवाखाना, एसटीचा थांबा, जिथं जिथं 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलेलं होतं ते पुसून 'जिल्हा लातूर' करायचं. त्या कामासाठी साहेबांनी बाजारातून पेंटर बोलावला, तो हा.

वय पन्नाशीचं. उंच, खांद्यातून थोडा वाकलेला, आणि धोतरावर इतके डाग की मूळ कापड कोणतं ते सांगता येऊ नये. राहणारा मूळचा मुखेडकडचा. सगळे त्याला नुसतं पेंटर म्हणायचे. मी वयाकडे पाहून पेंटरमामा म्हणायला लागलो आणि तो मला भाऊसाब म्हणायचा. निजामाच्या राज्यात दोन-तीन इयत्ता उर्दूतून शिकला होता, त्यामुळे त्याच्या मराठी अक्षरांच्या शेपटांनाही जरा जास्तच वळण असायचं. पण अक्षर सुंदर. ओळ न आखता लिहायचा आणि तरी ती सरळ यायची.

उस्मानाबादची अक्षरं पाच, लातूरची तीन. त्यामुळे प्रत्येक पाटीवर दोन अक्षरांची जागा मोकळी उरायची. पेंटरला मोकळी जागा सोसायची नाही, तिथं तो एक लहानसं निळं फूल काढायचा. पहिल्या दहा-बारा गावांत कुणी काही बोललं नाही. मग एका सरपंचानं कार्यालयात येऊन विचारलं, "हे फूल कोणत्या पक्षाचं?" साहेबांनी पेंटरला बोलावून घेतलं.

"कोन्त्याच पक्षाचं न्हाई सायब," तो म्हणाला. "जागा उरली हुती."

साहेबांनाही हसू आलं. फुलं तशीच राहिली.

फूल निळंच का, असं मी एकदा त्याला विचारलं. "निळा माझा हाय," तो म्हणाला. "निळ्यात मला दुनियेत कुनी फसवू शकत न्हाई." मी माझ्या परीनं अर्थ लावला. तो बौद्ध होता, दरवर्षी जयंतीची कमान तोच रंगवायचा आणि त्या कमानीचा निळा साऱ्या गावात उठून दिसायचा. मला वाटलं, तेच सांगतोय. ते होतंच, पण तेवढंच नव्हतं.

मग दाराचं प्रकरण झालं. आमच्या कार्यालयाच्या मुख्य दाराला रंग द्यायचा ठरला आणि वरून मोरपंखी रंगाचा डबा आला. पहिला हात बसला, तसे हेडक्लार्क बाहेर येऊन म्हणाले, "निळा छान आलाय." हे उदगीरचे, कपाळावर विभूती, शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या मागून अकाउंटचे बाबू आले आणि म्हणाले, "निळा? हिरवा आहे हो." बस. दोघांनी शिपायाला विचारलं. त्यानं पंचाईत नको म्हणून "सायबाला इचारा" म्हणून हात झटकले. दुपारपर्यंत कार्यालयात दोन तट पडले आणि फायली जागच्या जागी राहिल्या. शेवटी म्हणे, कारागिरालाच विचारू.

पेंटरनं हात पुसले. त्यानं दाराकडे नाही, या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं होतं, पण मी त्याचा विचार केला नाही. तो म्हणाला, "सकाळी बगितला तर निळा, दुपारी बगितला तर हिरवा. दोघंबी आपापल्या टायमाला बराबर हायत."

दोघेही खूश होऊन जागेवर गेले. मी चहाला त्याच्याबरोबर बाहेर पडलो, तर तो आपल्याशीच हसत होता. "बगा भाऊसाब. एक दार, दोन शानी मानसं, चार डोळे. आन् वर म्हनतेत, रंग सगळ्यांना सारखा दिसतो. नाव तेवढं सारखं घेतो आपन. कुनाला काय दिसून राहिलंय, कोन कुनाच्या डोळ्यात जाऊन बगतंय?"

मला ते नुसतं गमतीचं बोलणं वाटलं. त्याचं खरं काय ते मला पुढच्या फाल्गुनात कळलं. त्याची मुलगी किनवटकडं दिलेली होती. नातवाच्या बारशाला त्यानं मला फार आग्रह करून नेलं. त्याची बायको, म्हणजे आमच्या मामी, पुढच्या सीटवर झबली-टोपडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एसटी जंगलात शिरली आणि दोन्ही बाजूंना पळस सुरू झाला. झाडावर पान एक नाही, नुसती फुलं. गाडीतली माणसं खिडक्यांकडे सरकली. मीही म्हणालो, "मामा, बघा तरी, रान पेटलंय."

त्यानं बराच वेळ बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "वाळल्याली झाडं हायत. त्यात काय बगायचं?"

मला वाटलं, थट्टा करतोय. तेवढ्यात मामी मागं न वळताच म्हणाल्या, "सांगून टाका की. ते कुठं कुनाला सांगाया जातेत."

मग त्यानं सांगितलं. लाल, हिरवा, मातकट हे सगळे त्याला एकाच कुळातले दिसायचे. "भाऊभाऊ," तो म्हणाला. "थोरला कोन, धाकटा कोन, कळत न्हाई." निळा आणि पिवळा तेवढे वेगळे. पोरवयात नांदेडला एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली काम शिकत असताना हे उघडं पडलं. मार खायच्या तयारीनं उभा राहिला, तर उस्ताद म्हणाला, "रंगां आँखां में नै रहते रे, लोगां के मुँह में रहते. पूछता जा." तेव्हापासून तो विचारत आला होता. घरी मामी डब्यांच्या कड्यांना चिंध्या बांधून द्यायच्या. लालला एक गाठ, हिरव्याला दोन. त्यावर तीस वर्षं संसार झाला, दोन मुलींची लग्नं झाली. "फकस्त देवळाचं आन् दर्ग्याचं काम एका दिवशी घेत न्हाई," तो म्हणाला आणि मामी पुढं तोंड करून हसल्या.

मला राहवेना. मी विचारलं, "मामा, मग लाल म्हणजे तुम्हाला नक्की दिसतं तरी काय?"

"आधी तुमाला काय दिसतं ते सांगा."

मी कुंकू म्हणालो, रक्त म्हणालो, टोमॅटो म्हणालो. "ह्या वस्तू झाल्या," तो म्हणाला. "रंग सांगा." किनवट येईपर्यंत मी विचार करत होतो. मला सांगता आलं नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही येत नाही. तुम्ही करून बघा.

त्यानंतरचे दोन पावसाळे कोरडे गेले. त्या दिवसांचं वर्णन मी करत बसत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना ते नको असतं आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते खरं वाटत नाही. आमच्या वाट्याला कागद आले. टँकरची मागणी, मजुरांच्या हजेऱ्या, चाऱ्याचे तक्ते. धूळ चहात, धूळ फायलीत. सकाळी दहा वाजता उठून बसायलाही कंटाळा यायचा. माणसं दारात येऊन नुसती उभी राहायची, आणि त्यांना काय सांगायचं ते आम्हाला माहीत नसल्यामुळे आम्ही त्यांच्यावरच खेकसायचो.

विहिरी तळाला गेल्या तसं राहिलेलं पाणी नासायला लागलं. आरोग्य खात्यानं गावोगावच्या विहिरी तपासून यादी दिली आणि हुकूम निघाला. पाणी पिण्यासारखं असेल तर विहिरीच्या कठड्यावर हिरवा पट्टा, नसेल तर लाल. बाहेरगावचे मजूर रोजगार हमीच्या कामांवर येऊन पालं ठोकून राहत होते, त्यांना कळावं म्हणून ही सोय. काम अर्थातच पेंटरकडं आलं.

तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "सायब, पट्ट्याबरोबर अक्षरं लिहू द्या. 'पिऊ नये' एवढंच लिहितो. रंग कमी लागंल."

"अहो, पालावरच्या माणसांत वाचता किती जणांना येतं?" साहेब म्हणाले. "रंग सगळ्यांना सारखाच कळतो."

पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत तोंड घातलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भाऊसाब, मी भिऊन राहिलोय ह्या कामाला. दार चुकलं तर दार चुकतं. हे पानी हाय." पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्या साली भिंत रंगवून घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, मी असतो की बरोबर. देखरेखीला माझंच नाव आहे. डबा मी दाखवीन, विहीर मी दाखवीन, तुम्ही नुसता ब्रश फिरवा." त्याचा चेहरा एकदम सैल झाला. हा शब्द मी दिला होता, हे मी लिहून ठेवतो.

पहिले दोन दिवस मी शब्द पाळला. पाच गावं झाली. तिसऱ्या दिवशी फाट्यावर उतरलो, तेव्हा अकरा वाजले होते आणि गाव तिथून तासाभराच्या चालीवर. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. फाट्यावरच्या हॉटेलात पत्र्याखाली एक बाज होती. "तुम्ही व्हा पुढं," मी म्हणालो, "ही घ्या यादी. मी ऊन उतरलं की येतोच." डब्यांना चिंध्या होत्या, गावात माणसं होती. एवढं काय होतंय, असं मला वाटलं. तो दोन डबे काठीला अडकवून, काठी खांद्यावर टाकून गेला. मी आडवा झालो आणि झोपलो.

विहिरीवर काय झालं ते मला नंतर दवाखान्याच्या दारात मामींकडून कळलं. गावाला दोन विहिरी, ओढ्याच्या अल्याड एक आणि पल्याड एक. अल्याडच्या विहिरीवर बायकांची रांग लागलेली. पाणी इतकं खोल की दोर काठावर घासून घासून झिजलेला. एका बाईचा दोर तुटायला आला होता. तिला गुंडाळायला काहीतरी हवं होतं आणि अंगावरच्या लुगड्याशिवाय तिच्याकडं काही नव्हतं. पेंटरनं एका डब्याच्या कड्याची चिंधी सोडून दिली. ती पुरली नाही म्हणून दुसऱ्या डब्याचीही दिली. लाल डावीकडं, हिरवा उजवीकडं, एवढं त्यानं मनाशी धरलं होतं. मग घागरींना जागा हवी म्हणून कुणीतरी डबे उचलून बाजूला ठेवले.

त्यानं डबा उघडला, ब्रश बुडवला, वर धरला आणि विचारलं, "कशासारखा दिसून राहिलाय?"

कुणीच उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "कशासारखा का असंना, बाजूला व्हय बाबा. खाली पानी सरून राहिलंय." सगळ्यांचे डोळे पोहऱ्याकडं होते. तो बराच वेळ ब्रश धरून उभा राहिला म्हणे. नंतर त्यानं आपल्या अंदाजानं पट्टा मारला, आणि दुसऱ्या डब्यानं पलीकडच्या विहिरीला मारला.

चारच्या सुमाराला तो फाट्यावर परत आला. मी तोंड धूत होतो. "झालं?" मी विचारलं. "झालं," तो म्हणाला, पण बसला नाही. "भाऊसाब, येकदा चला. नुसती नजर टाका."

"आता शेवटची गाडी जाईल की हो मामा," मी म्हणालो.

मी बाजेवर बसूनच तक्ता भरला. गावाचं नाव, विहिरी दोन, काम पूर्ण. शेरा: समक्ष पाहिले. खाली सही केली.

पुढं एक लहान मुलगी येईल, ती वाचली, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना मला स्वतःलाही त्याची आठवण करून द्यावी लागते. त्या गावाबाहेर पाझर तलावाचं काम चालू होतं. गावातली माणसं आपल्या विहिरी ओळखून होती. ओढ्यापलीकडच्या नासक्या विहिरीला हिरवा पट्टा पाहून ती सरकारला हसली आणि अल्याडच्याच विहिरीचं पाणी शेंदत राहिली. पण पालावरच्या लोकांना काय माहीत? त्यांना मुकादमानं सांगितलं होतं, हिरवा दिसंल तिथं प्या. ते इमानानं हिरवा शोधून प्यायले. पाचव्या दिवशी हगवण सुरू झाली. पंधरा-वीस माणसं आडवी झाली आणि एका मजुराची सहा वर्षांची मुलगी ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याला आणली, तेव्हा तिचे डोळे पांढरे झाले होते. दोन रात्री सलाईन चालू होतं. तिचा बाप दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, आणि त्याच्यापासून चार हात अंतरावर पेंटर बसून होता. बापाला माहीत नव्हतं हा कोण ते. तो त्याला विडी देत होता.

तिसऱ्या दिवशी मुलीनं पेज मागितली. त्याच दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलावर माझा तक्ता होता.

"समक्ष पाहिले, असा शेरा आहे," साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले. "काय पाहिलंत?"

पेंटर माझ्या शेजारी उभा होता. मी फाट्यावर झोपलो होतो, एवढं तो एका वाक्यात सांगू शकला असता. तो खाली पाहत राहिला. मला घरी दोन मुलं होती, नोकरी पाच वर्षांची होती, ही सगळी कारणं मी पुढं पुष्कळदा मोजली आहेत. त्या क्षणी मात्र माझ्या मनात काही आलं नाही, तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "साहेब, मी तिथं होतो. एक लाल, एक हिरवा, असे दोन्ही पट्टे पाहिले. पण कोणती विहीर कोणती ते मला माहीत नव्हतं, यादी पेंटरकडं होती." आणि एवढ्यावरही मी थांबलो नाही. "साहेब, खरं म्हणजे यांना लाल आणि हिरवा ओळखूच येत नाही."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "यादी तुमच्याकडं होती?"

"हाव सायब," पेंटर म्हणाला. "माझ्याकडंच हुती."

"आणि हे होते तिथं?"

"हुते."

साहेबांना ती दुसरीच गोष्ट जास्त चमत्कारिक वाटत होती. त्यांनी फायलीची फीत उचलून दाखवली. "ही कोणती?"

"लाल, सायब. सरकारी फीत लालच असती."

"माहीत आहे म्हणून सांगू नका. पाहून सांगा." दारात आता सगळं कार्यालय गोळा झालं होतं. आमच्या टायपिस्ट बाई विणकाम करायच्या. साहेबांनी त्यांच्या पिशवीतून लोकरीची दोन गुंडाळी मागवली, एक डाळिंबी आणि एक गडद हिरवं. दोन्ही पेंटरच्या हातावर ठेवली. त्यानं ती हातात फिरवली. उजेडाकडं धरली. एक नाकाजवळ नेऊन वास घेतला. दारात कुणीतरी फिसकन हसलं. मग त्यानं मान वर केली आणि अगदी हळू आवाजात, सवयीनं, बाईंना विचारलं, "बाई, कशासारखी दिसून राहिली?"

बाईंनी खाली पाहिलं.

"त्यांना विचारायचं नाही," साहेब म्हणाले.

त्यानं गुंडाळी टेबलावर ठेवली, नीट, एकाला एक लावून. "मला न्हाई सांगता येत," तो म्हणाला. पन्नाशीच्या माणसाला परीक्षेत नापास होताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ती परीक्षा मी लावली होती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पोलिसांत दिलं नाही, नुसतं नाव काढून टाकलं. मला एक ज्ञापन मिळालं, देखरेखीत दक्षता घ्यावी असं.

बातमी बाजारभर झाली. तीस वर्षं ज्यांनी त्याच्याकडून पाट्या रंगवून घेतल्या होत्या, ते आपल्या पाट्यांकडे नव्यानं पाहू लागले. एकही रंग चुकलेला नव्हता. तरी काम कुणी देईना. हा बाजारातून चालला की कुणीतरी मिरची वर धरून विचारायचं, "पेंटर, हिरवी का लाल?" तो म्हणायचा, "तिखट." लोक हसायचे आणि तोही हसायचा. मी ते एकदा माझ्या खिडकीतून पाहिलं. नंतर त्या बाजूची खिडकी मी बंदच ठेवायला लागलो.

त्या विहिरींचं काय झालं ते सांगतो. कुणी न सांगता तो मामींना घेऊन त्या गावी गेला. मामींनी डबा दाखवला, त्यानं दोन्ही पट्टे खरवडून बरोबर रंगवले. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. पेंटरला लाल-हिरवा कळत नाही ही गोष्ट तोपर्यंत पालांपर्यंत पोचली होती. मजुरांनी हिशेब केला, ह्याला उलटं दिसतं, तेव्हा ह्यानं लाल लावला असेल तिथलंच पाणी चांगलं. आणि निम्मी माणसं घागरी घेऊन पुन्हा नासक्या विहिरीकडं निघाली. मामींनी कपाळाला हात लावला.

मी हे ऐकलं तेव्हा घरी जाऊन त्याला भेटायचं ठरवलं. ठरवण्यातच दोन आठवडे गेले. गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते दोघंबी त्या तलावाच्या कामाकडं हायत. हितं येतच न्हाईत." पाऊस लागल्यावर ती दोघं मुलीकडं किनवटला निघून गेली. दोन वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. किनवटची गाडी रोज माझ्या कार्यालयासमोरून जायची. मी तिच्यात बसलो नाही. तो गेल्याचं मला कुणीतरी रस्त्यात, दुसरंच काही बोलता बोलता सांगितलं.

त्याला शेवटचं पाहिलं ते मृग लागायच्या आधी. जिल्ह्याहून इंजिनियर तलावाचं काम बघायला आले होते आणि जीपमधून त्यांच्याबरोबर मला धाडलं होतं. ओढा कोरडाच होता, जीप त्यातून पलीकडं चढली. नासक्या विहिरीच्या कठड्यावर, लाल पट्ट्याच्या शेजारी, पेंटर बसला होता. डोक्याला पटका, हातात काही नाही. समोरून दोन बाया घागरी घेऊन आल्या. त्यानं हात वर केला. "हितलं न्हाई, माय. तिकडलं. वड्याच्या अल्याडलं." बाया वळल्या. लगेच मागून एक म्हातारा आला, त्याच्यासाठी पुन्हा हात वर. आवाज पार बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, "महिना झाला साहेब, दिवस उगवल्यापासनं मावळेपर्यंत असाच बसतो. दुपारी बायको भाकरी घेऊन येती. ती बसती तेवढ्यात हा जेवतो."

जीप जवळून गेली. त्यानं आमच्याकडेही हात वर केला, मग त्याला मी दिसलो. हात तसाच क्षणभर राहिला आणि खाली आला.

इंजिनियरांनी मागं वळून पाहिलं. "चांगलं काम करतोय हो," ते म्हणाले. "कोण आहे? आपला माणूस आहे का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "असेल गावातला कुणी."